व्हिंटेज स्टाइल इलेक्ट्रिक गिटार घेताय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरांचा पूर्वी एकच प्रश्न असायचा: पहिली गिटार कोणती घेऊ? आता ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या कार्यक्रमांत, चर्चमध्ये वाजवून चार पैसे गाठीला बांधलेले वादक विचारतात, सत्तावन्न सालची फेंडरची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) घेऊ की एकोणसाठची गिब्सनची लेस पॉल? लाखांतला व्यवहार, आणि तो ठरतो मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून. जुन्या सालाचा आवाज घेतला की त्या सालच्या खोडीही घरी येतात, हे मात्र व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्या खोडी तुमच्या हाताला आणि तुमच्या स्टेजला चालणार आहेत का, एवढं आधी बघा.

साल बघून भुलणं

जाहिरातीत '1959' लिहिलं म्हणजे गिटार 1959ची नसते. त्या सालच्या मापांवर अलीकडे बनवलेली असते. सेकंडहँड बाजारात हा घोळ मुद्दाम ठेवला जातो, म्हणून बनावटीचं वर्ष वेगळं विचारून घ्या.

लेस पॉलच्या बाबतीत तर एका वर्षाने सगळं बदलतं. गिब्सनने ही गिटार 1952 मध्ये आणली तेव्हा तिला पी-नाइन्टी, म्हणजे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप होते. पिकअप तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पकडे पाठवतो. हमबकर, म्हणजे विजेची गुणगुण मारणारे दोन कॉइलचे पिकअप, आले 1957 मध्ये. 'लेस पॉल म्हणजे गुणगुण नाही' या समजुतीवर कुणी 1956च्या धर्तीची सोनेरी गोल्डटॉप घेतो आणि पहिल्याच कार्यक्रमात वैतागतो. गिटार बरोबर असते, साल चुकलेलं असतं.

कारखान्यातच खरचटून, रंग उडवून दिलेल्या 'रेलिक' गिटारींना जास्त पैसे लागतात. आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त घरात "एवढे पैसे देऊन वापरलेली आणली का?" याचं उत्तर तयार ठेवा.

नेक हातात न धरता ऑर्डर देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पिकअप बदलता येतात, नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, आकार नाही. फेंडरच्या 1951च्या टेलिकास्टरचा नेक मागून जाड, यू आकाराचा. 1957च्या स्ट्रॅटला हलकी व्हीसारखी धार. साठच्या दशकातला सी आकार बहुतेकांना सोपा जातो. गिब्सनमध्ये 1958-59चा नेक भरदार, 1960चा सडपातळ. ज्याचा अंगठा वरून नेकला कवळ घालतो त्याला व्ही आवडतो, अंगठा मागे टेकवणाऱ्याला तोच टोचतो.

दुसरी गोष्ट फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीच्या, गोलाईची. जुन्या फेंडरची रेडियस सव्वासात इंच, म्हणजे बोर्ड चांगलाच गोल. कॉर्ड धरायला मजा येते, पण अ‍ॅक्शन (तारांची बोर्डपासूनची उंची) फार खाली घेतली की वरच्या फ्रेटवर (बोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या) बेंड मारताना, म्हणजे तार खेचताना, सूर मध्येच मरतो. दुकानात हे करून बघा: पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार पंधराव्या फ्रेटवर धरा, पूर्ण सूर वर खेचा आणि तसंच धरून ठेवा. आवाज टिकला तर ठीक. दबला, तर अ‍ॅक्शन मोजायला सांगा. सव्वासात रेडियससाठी फेंडरचंच माप आहे: सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण 2 मिलिमीटर, बारीक तारेखाली 1.6. त्याहून खाली हवी असेल तर ही गिटार तुमच्यासाठी नाही. साडेनऊ किंवा बारा इंचाची रेडियस बघा.

ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं, तोंड कुठे आहे तेही बघा. पन्नाशीच्या धर्तीच्या फेंडरमध्ये ते नेकच्या बुडाशी, बॉडीत लपलेलं असतं. पाव फेरा द्यायलाही तारा सैल करून नेक उघडावा लागतो. पुण्या-मुंबईत दर हंगामाला टेक्निशियनकडे जाता येतं. हिंगोलीत हे काम स्वतः शिकून घ्यावं लागतं.

गुणगुण दुकानात न तपासणं

एसी शोरूममध्ये, चांगल्या अर्थिंगवर सिंगल कॉइल गिटार शांत वाटते. तीच गिटार मंडपात जनरेटरवर, डिमरच्या लाइटांशेजारी लावा, मग कळतं. सिंगल कॉइल पिकअप विजेच्या 50 हर्ट्झची गुणगुण पकडतोच. तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून दुकानात अ‍ॅम्पला थोडं डिस्टॉर्शन द्या, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारांवर तळवा ठेवून त्या बंद करा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. एका कोनात गुणगुण बरीच कमी होईल. स्टेजवर उभं राहायचा कोन असाच शोधायचा असतो.

आणखी एक गफलत. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या पोझिशनला, दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा, गुणगुण जाते. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये तसं नसतं. मूळ 1954च्या स्ट्रॅटला तर तीन पोझिशनचाच स्विच होता. पाचचा स्विच फेंडरने 1977 मध्ये दिला. शिवाय जुन्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला (बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजजवळचा) टोनची नॉब लागू होत नाही. "खालचा पिकअप कानात टोचतो, नॉब खराब आहे" ही तक्रार त्यातूनच येते. नॉब चांगली असते. स्विचपाशी एक छोटी वायर जोडली की काम भागतं.

तारांना हात लावल्यावर चरचर कमी होत असेल तर गिटारचं ग्राउंडिंग ठीक आहे असं समजा. पॅनेलच्या आत तांब्याची फॉइल लावून ही चरचर कमी होते, 50 हर्ट्झची गुणगुण मात्र फॉइलने जात नाही. आणि गाताना माइकला ओठ लागून झटका बसला तर तिथेच वाजवणं थांबवा. तो दोष बहुतेकदा मंडपाच्या अर्थिंगचा असतो आणि जिवावर बेततो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मगच पुढचं गाणं.

कूलरसमोर गिटार टांगणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार आणि हवा कोरडीठाक. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. लोक लगेच कानस घेऊन बसतात. तसं करू नका. गिटार आधी आठवडाभर केसमध्ये, ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरसोबत ठेवा आणि मग टोकं बघा. याच्या उलट, खोलीतल्या कूलरच्या झोतात भिंतीवर टांगलेली गिटार रोज ओली हवा खाते. तारा गंजतात, नेक हलतो. केसमध्ये स्वस्तातलं आर्द्रतामापक ठेवा, काटा 45 ते 55 टक्क्यांत राहू द्या.

नायट्रो फिनिशची (नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलेली) गिटार असेल तर स्टँडचं रबर बघा. काही रबर आणि प्लास्टिक या लॅकरला चिकटतात, रंग विरघळून कायमचा डाग पडतो. स्टँडला जुनी सुती साडी गुंडाळली तरी पुरे.

'सूर धरत नाही' म्हणून परत पाठवणं

जुन्या फेंडरवरच्या क्लुसन पद्धतीच्या पेगला, म्हणजे तार गुंडाळायच्या खुंटीला, वरून खाच आणि मधोमध भोक असतं. तार आधी कापायची, पेगच्या पुढे दीड-दोन पेगांइतकी ठेवून. टोक भोकात खुपसायचं, खाचेतून वाकवायचं आणि गुंडाळायचं. नेहमीसारखी आरपार ओवली की तार घसरणारच. टेलिकास्टरला पितळी तीन सॅडलचा (तार टेकते ते तुकडे) ब्रिज असेल तर दोन तारांना एकच सॅडल, त्यामुळे बाराव्या फ्रेटवर सगळ्या तारा एकाच वेळी शंभर टक्के जुळत नाहीत. तिरक्या कापाचे कॉम्पेन्सेटेड सॅडल मिळतात, त्याने हे बरंच सुधारतं.

आणताना

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा आणि वॉरंटी भारतात चालते का ते कंपनीला लेखी विचारा. सोबत तिकडचा अ‍ॅम्प नको. तो 120 व्होल्टचा, आपल्या 230 वर लावला की जळालाच. ब्राझिलियन रोझवूडचा बोर्ड असलेली अस्सल जुनी गिटार असेल तर साइट्सचं (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट लागतं. ते लाकूड 1992 पासून परिशिष्ट एकमध्ये आहे.

लेस पॉल कुरिअरने मागवताना जास्त जपा. तिचा हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा पेग असलेला भाग, सुमारे 17 अंश मागे कललेला असतो आणि ट्रस रॉडसाठी तिथेच लाकूड पोखरलेलं असतं. बॉक्स पाठीवर आपटला की मान मोडते. विक्रेत्याला तारा सैल करून हेडस्टॉकखाली आधार भरायला सांगा, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. जमलं तर स्वतः जाऊन देवगिरी किंवा तपोवनने मांडीवर घेऊन या.

सेकंडहँड गिब्सनमध्ये आधी हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं झाकण बघा. अस्सलला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर नकली समजा आणि पाकीट खिशातच ठेवा.