अक्षतंतूचं मॉडेल करताय? या चुका टाळा

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या शाळेत थर्माकोल आणि सुतळीला मागणी येते. चेतापेशीचं मॉडेल दरवर्षी एक तरी असतंच. पोरं ते सुरेख करतात, पण अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीच्या, आत मालाची ने-आण कशी होते हे दाखवायला गेलं की दरवेळी त्याच जागी अडतात.

पहिली चूक पाण्याची. सलाइनची नळी, तिच्यात लाल पाणी, एका टोकाला सिरिंज. दाबलं की पाणी पुढं. दिसायला छान, पण अक्षतंतू हा पाइप नाही. 1948 मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी चेता आवळून ठेवली, तेव्हा आवळलेल्या जागेच्या अलीकडे ती फुगली, धुऱ्याशी पाणी तुंबावं तशी. आतला सगळा ऐवजच हळूहळू पुढं सरकतो, असं तेव्हा त्यांनाही वाटलं होतं. माल पुढं जातो हे खरं, पण तो आपोआप वाहत नाही. कुणीतरी तो उचलून नेतं. आत सूक्ष्मनलिकांच्या सडका असतात, जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीच्या. त्यांवरून काइनेसिन नावाचं प्रथिन मालाची पुडी धरून 8-8 नॅनोमीटरची पावलं टाकत जातं. दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. रोनाल्ड वेल, थॉमस रीस आणि मायकल शीट्झ यांनी ते 1985 मध्ये स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर काम करताना शोधलं. आणि हो, सूक्ष्मनलिका पोकळ असली तरी माल तिच्या आतून जात नाही, बाहेरच्या अंगाने जातो. म्हणून नळी काढा, ताणलेली तार लावा आणि तारेवर पुठ्ठ्याची छोटी बंडी चालवा. बंडीत चार सरक्या टाकल्या की पुड्या झाल्या.

असं एक मॉडेल तयार झालं तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, भरली बंडी गेली, मंग वापस कोन आनते?" प्रश्न अगदी नेमका होता. परतीची वाहतूक विसरणं ही दुसरी मोठी चूक. परत आणणारं प्रथिन वेगळं, डायनिन. जुने झालेले भाग आणि टोकाकडचे निरोप ते पेशीकायेकडे, म्हणजे पेशीच्या मुख्य गोळ्याकडे, आणतं. ही नावं मुलं हमखास उलटी लिहितात. आम्ही वर्गात म्हणतो: काइनेसिन कडेला, डायनिन डेऱ्याला. डेरा म्हणजे पेशीकाया. फक्त हे अक्षतंतूपुरतंच लावा. सूक्ष्मनलिकेची दोन टोकं सारखी नसतात: काइनेसिन 'अधिक' टोकाकडे चालतं, डायनिन 'उणे' टोकाकडे. अक्षतंतूत सगळ्या सूक्ष्मनलिकांची अधिक टोकं बाहेरच्या दिशेनं असतात. वृक्षिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या आखूड फांद्यांमध्ये, ती दोन्हीकडे असतात, तिथं हे यमक चालत नाही.

मापाची चूक दिसत नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. थर्माकोलचा मोठा गोळा आणि त्याला वीतभर शेपूट! कमरेजवळून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब असतो आणि त्याची पेशीकाया मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. पेशीकाया पाच मीटरची खोली मानली, तर अक्षतंतू जवळपास 100 किलोमीटरचा होतो. यवतमाळच्या एका खोलीतून थेट अमरावतीपर्यंत बोळ काढल्यासारखं. मालाची ने-आण का लागते, हे एवढ्यावरून पोरांना समजतं. प्रथिन नुसतं पसरत त्या टोकाला जायचं म्हटलं तर हजाराहून जास्त वर्षं लागतील.

वेग लिहिताना एकक तपासा. चेतेतला विद्युत संदेश जाड, आवरण असलेल्या तंतूत सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावतो. मालाचा वेग मात्र दिवसाला मिलिमीटरमध्ये मोजतात: जलद वाहतूक 400 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे मीटरभर अंतराला अडीच दिवस. मंद वाहतूक दिवसाला मिलिमीटरभर धरली तर त्याच अंतराला तीन वर्षं. तक्त्यावर दोन्हींना एकच बाण दाखवला की परीक्षक तिथंच थांबतात. मंद म्हणजे सारखी रांगत जाणारी, असंही लिहू नका. या वाहतुकीनं जाणारे पेशीच्या आतल्या सांगाड्याचे धागे चालतात झपाझप, पण बराचसा वेळ थांबून राहतात. एसटी प्रत्येक फाट्यावर तासभर उभी राहिली तर जे होईल तेच.

शेवटची चूक मॉडेलमधली नाही, पण तक्त्यावर तिला जागा द्याच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला रेबीजचा विषाणू चेतेच्या टोकातून आत शिरतो आणि डायनिनच्या परतीच्या वाटेनंच पाठीच्या कण्याकडे आणि पुढं मेंदूकडे जातो. गावात कुत्रं चावलं की आजही मिरची, हळद, चुना लावतात आणि जखम भरली की विषय संपला असं मानतात. लक्षणं सहसा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, म्हणून "महिना झाला, काही झालं नाही" हा हिशेब पार चुकीचा आहे. नुसत्या प्रवासाला एवढे दिवस लागत नाहीत. विषाणू आधी चावलेल्या जागेच्या स्नायूत दडून राहू शकतो. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास उरत नाही. म्हणून चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं. पुढचे डोस एकही चुकवायचे नाहीत.

त्या मुलीनं तारेवर दुसरी बंडी लावली, उलट्या तोंडाची. तिच्यात सरकीऐवजी लाल मणी ठेवला आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलं: रेबीज, डायनिनच्या बंडीत.