पडेल भावातील छोटी कंपनी विकत घेण्यापूर्वी

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांसाठी 2017 साली घालून दिलेल्या व्याख्येनुसार, बाजारमूल्याच्या (सर्व समभागांच्या एकूण बाजारभावाच्या) उतरत्या क्रमाने पहिल्या 100 कंपन्या मोठ्या, पुढील 150 मध्यम आणि 251व्या क्रमांकापासून खालच्या सर्व छोट्या मानल्या जातात. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्या या शेवटच्या गटात मोडतात आणि त्यांतील कित्येकांकडे एकही विश्लेषक फिरकत नाही. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या गुंतवणूकदाराला संधी मिळते ती येथेच. मात्र एखाद्या कंपनीकडे कोणी पाहिलेले नसणे आणि अनेकांनी पाहून तिच्याकडे पाठ फिरवलेली असणे, या दोन गोष्टी भावफलकावर सारख्याच दिसतात. त्यांतील फरक ओळखणे हेच खरे काम आहे.

पहिली पायरी म्हणजे भाव का पडला, हे वहीत एका वाक्यात लिहून काढणे. कधी सगळा बाजारच कोसळलेला असतो. निफ्टी स्मॉलकॅप 100 हा छोट्या कंपन्यांचा निर्देशांक जानेवारी 2018 मधील उच्चांकापासून मार्च 2020 पर्यंत निम्म्याहून अधिक घसरला होता. त्या एका मार्च महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय समभागांतून 60 हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली. भारतासारख्या उदयोन्मुख बाजारपेठांतून पैसा असा एकाएकी निघतो तेव्हा परदेशी संस्था प्रामुख्याने मोठे समभाग विकतात, परंतु छोट्या समभागांना त्या दिवसांत ग्राहकच उरत नाही आणि चांगल्या-वाईट कंपन्या एकाच भावाने फेकल्या जातात. कधी धंद्याचे चक्र उतरणीला लागलेले असते, जसे साखर, रसायने किंवा धातूच्या ओतकामाच्या (कास्टिंग) उद्योगांत वारंवार होते. तिसरे कारण म्हणजे प्रवर्तकांवरील, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकांवरील, अविश्वास. पहिल्या दोन कारणांनी पडलेल्या कंपनीचा अभ्यास जरूर करावा. तिसरे कारण दिसल्यास, भाव कितीही खाली असला तरी, वही मिटावी असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर वार्षिक अहवाल उघडावा आणि तो शेवटाकडून वाचावा. अध्यक्षांचे भाषण नंतर वाचले तरी चालते. लेखापरीक्षकांचा अहवाल आणि हिशेबावरील टिपा आधी वाचाव्यात. यांतील सर्वांत उपयोगी तपासणी साधी आहे, म्हणून ती आकड्यांसह सांगतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, कंपनीचे बाजारमूल्य 100 कोटी, कर्ज 8 कोटी आणि बँकेतील शिल्लक व ठेवी मिळून 40 कोटी रुपये आहेत. बाजारमूल्यात कर्ज मिळवून रोख वजा केली, तर चालता धंदा आपल्याला 68 कोटींना पडतो. धंद्यातून करानंतर सरासरी 9 कोटी सुटत असतील, तर नफ्याच्या साडेसात पट किंमत झाली, म्हणजे स्वस्तच. आता ‘इतर उत्पन्न’ या टिपेत ठेवींवरील व्याज पाहावे. ते वर्षाला 65 लाखच असेल, तर 40 कोटींवर जेमतेम 1.6 टक्के पडतात, आणि कोणतीही बँक मुदत ठेवीवर याहून अधिक देते. याचा अर्थ असा, की ही रक्कम एक तर फक्त 31 मार्चपुरती खात्यात आणलेली असते, किंवा चालू खात्यात पडून असते, किंवा ती नसतेच. खरी रोख निम्मीच धरली, तर तोच धंदा 88 कोटींना, म्हणजे पावणेदहा पटीने पडतो. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या संगणक-सेवा कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून, ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली होती. आकडा ताळेबंदात छापलेला आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये.

रोख पटल्यावर येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, पाहावीत. विक्री दहा टक्क्यांनी आणि येणी चाळीस टक्क्यांनी वाढली असतील, तर माल खपला नसून तो उधारीवर ढकलला गेला असण्याची शक्यता मोठी असते. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि त्याच पाच वर्षांत कामकाजातून आलेल्या रोख प्रवाहाची बेरीज शेजारी-शेजारी मांडावी. दुसरी बेरीज पहिलीच्या बरीच मागे राहत असेल, तर नफा कागदावरच आहे असे समजावे. संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांचे नातेवाईक किंवा त्यांच्याच इतर कंपन्यांशी) झालेले व्यवहार, आकस्मिक देणी (पुढे अंगावर येऊ शकणारी, जसे कोर्टातील दावे), प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले समभाग आणि मुदतीपूर्वी राजीनामा देऊन गेलेले लेखापरीक्षक, या चार गोष्टी अर्ध्या तासात तपासून होतात.

जमिनीच्या मोहाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठी गुंतवणूकदार त्याला हमखास बळी पडतो. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आपण रोज पाहतो, त्यामुळे ताळेबंदात जुन्या खरेदीभावाने नोंदलेली एखादी जमीन दिसली, की तिची आजची किंमत आपण मनातच मोजू लागतो. परंतु ती जमीन विकायची की नाही, विकलीच तर पैसा लाभांशात द्यायचा की नव्या धंद्यात घालायचा, हे प्रवर्तक ठरवतात. छोट्या भागधारकाच्या हाती त्यांतील काही येईल याचा पुरावा मागील दहा वर्षांच्या लाभांशात शोधावा. तेथे काहीच नसेल, तर माझ्या गणितात त्या जमिनीची किंमत शून्य असते.

खरेदी करताना भावाइतकेच उलाढालीकडे लक्ष द्यावे. काही वर्षांपूर्वी मी अशा एका कंपनीचे समभाग घेतले, जिची रोजची उलाढाल चारपाचशे समभागांपलीकडे जात नव्हती. तिमाही निकाल बिघडल्यावर रोज सकाळी बाजार उघडताच लोअर सर्किट (एका दिवसात भाव घसरण्याची ठरवून दिलेली मर्यादा) लागे, विक्रीची रांग पडद्यावर दिसे आणि समोर खरेदीदार एकही नसे. कंपनीबद्दलचा माझा अंदाज चुकला होताच, पण नुकसान वाढवले ते बाहेर पडता न येण्याने. तेव्हापासून पंधरा-वीस दिवसांच्या सर्वसाधारण उलाढालीत विकून मोकळे होता येईल, त्याहून अधिक समभाग मी घेत नाही. ऑर्डर नेहमी ठरावीक भावाची द्यावी आणि समभाग एक्स्चेंजच्या देखरेख यादीत किंवा ट्रेड-टू-ट्रेड गटात (जेथे त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, प्रत्येक व्यवहारात समभाग प्रत्यक्ष घ्यावे-द्यावे लागतात) आहे का, हे आधी पाहावे.

एकाच कंपनीवर सारे लावू नये, हे सांगण्यासाठी प्रवाहाविरुद्ध गुंतवणूक करणारे प्रसिद्ध गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी 1939 मध्ये 10 हजार डॉलर उसने घेऊन, एक डॉलर किंवा त्याहून कमी भावाच्या 104 अमेरिकी कंपन्यांचे समभाग घेतले. त्यांतील 34 कंपन्या दिवाळखोरीत होत्या. अखेर चारच पूर्णपणे बुडाल्या आणि चारेक वर्षांत रकमेचे सुमारे 40 हजार झाले. (उसन्या पैशाचा भाग मात्र कोणी अनुकरू नये.) इतर उदयोन्मुख देशांत जायचे असल्यास ही विभागणी देशांतही हवी. रशियन समभाग कित्येक वर्षे स्वस्त म्हणून सुचवले जात होते. मार्च 2022 मध्ये जागतिक निर्देशांक तयार करणाऱ्या एमएससीआय या संस्थेने ते उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून जवळपास शून्य भावाने वगळले, आणि परदेशी गुंतवणूकदारांना ते विकण्याची सोयच उरली नाही.

विक्रीची अट खरेदीच्याच दिवशी त्याच वहीत लिहावी: किती पट भाव आला की विकायचे, आणि पहिल्या वाक्यातील कोणते गृहीतक मोडले की तोटा सोसूनही बाहेर पडायचे. दर तिमाहीचा निकाल आला, की आधी ते पान उघडावे आणि मगच भाव पाहावा.