अहवाल नमुन्याचा, प्रमाणपत्र खेपेचे

निर्यातीच्या मालाची अनुरूपता, म्हणजे माल ठरलेल्या मानकांनुसार आहे का, हे तपासण्याच्या कामात मी रुजू झाले, तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आला की प्रमाणपत्र द्यायला हरकत नसते, अशी माझी समजूत होती. सौदी अरेबियाला जाणाऱ्या टेबल फॅनच्या एका खेपेने ती मोडली. अहवाल आयईसी ६०३३५-२-८० या पंख्यांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होता, इनव्हॉइसवरचा मॉडेल क्रमांकही जुळत होता. पण खोके उघडून पंखा पालथा केला, तर रेटिंग प्लेटवर, म्हणजे विद्युत तपशील छापलेल्या पट्टीवर, फक्त ‘५० हर्ट्‌झ’ छापलेले होते. सौदीतील वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा आहे. तेथे पंख्यातल्या इंडक्शन मोटरचा समकालिक वेग (पुरवठ्याच्या वारंवारतेवरून ठरणारा वेग) एक पंचमांशाने वाढतो, त्यामुळे ५० हर्ट्‌झवर मोजलेली तापमानवाढ तेथील सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. चाचणी कोणत्या वारंवारतेवर झाली, हे अहवालातही स्पष्ट लिहिलेले होते, मी मात्र तो निष्कर्षाच्या पानापुरताच वाचला होता. खेप अडली आणि निर्यातदाराला नव्याने चाचणी करून घ्यावी लागली.

म्हणून नवोदितांनी आधी अहवाल पहिल्या पानापासून वाचावा आणि मगच गोदामात जावे, असे मी आग्रहाने सांगते. अहवाल एका नमुन्याविषयी बोलतो, तर आपली सही समोरच्या खेपेसाठी असते. सौदीच्या ‘सेबर’ या ऑनलाइन प्रमाणन प्रणालीत हा भेद ठळक दिसतो: उत्पादनाचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, पण प्रत्येक खेपेसाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. केनियात २००५ पासून निर्यातपूर्व पडताळणी आहे. तिथली मानके निराळी, म्हणून एका देशासाठी जमवलेली कागदपत्रे दुसऱ्यासाठी चालतीलच असे धरू नये.

नमुने स्वतः निवडावेत, कारखान्याने पुढे काढून ठेवलेली खोकी घेऊ नयेत. आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या मानकानुसार १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटमधून सामान्य तपासणीच्या दुसऱ्या, म्हणजे नेहमीच्या, पातळीला १२५ नग काढावे लागतात. हे काम कंटाळवाणे असते, पण मागच्या रांगेतले खोके ओढून काढण्याला पर्याय नाही.

तपासणीचे शुल्क बहुधा निर्यातदारच भरतो आणि “जहाज उद्या सुटतंय, तेवढी सही करा” असे तोच म्हणतो. आयएसओ/आयईसी १७०२० हे तपासणी संस्थांसाठीचे मानक निःपक्षपातीपणाची अट घालते, ती नेमकी अशा वेळेसाठी. त्या वेळी वाद न घालता तफावत लेखी नोंदवावी, प्लेटचा फोटो जोडावा आणि कोणती दुरुस्ती केल्यावर फेरतपासणी होईल, ते त्याच दिवशी कळवावे.