घड्याळातल्या कॅलरी कितपत खऱ्या?

मनगटावरचा ट्रॅकर कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतो. हिरव्या दिव्याच्या उजेडात त्वचेखालच्या रक्ताचे ठोके टिपायचे, हाताची हालचाल बघायची आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची, लिंग यांच्याशी सांगड घालून आकडा काढायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे ७ बँड तपासले. बहुतेकांचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरीत सर्वांत अचूक बँडही सरासरी २७ टक्के चुकला!

म्हणून आधी ॲपमधलं वजन बघा. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर पुढचं सगळं गणित तिथेच फसतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, सरकणार नाही इतपत घट्ट हवा. व्यायामाचा प्रकारही निवडा. वजनं उचलताना मूठ आवळली जाते, मनगट वाकतं आणि सेन्सर गडबडतो. तिथे छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा जास्त भरवशाचा.

आणखी एक मेख आहे. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यावर साधारण १४० कॅलरी जळतात, पण त्यातल्या ३५ नुसतं बसूनही जळाल्याच असत्या. त्यामुळे ‘एकूण’ नव्हे, ‘ॲक्टिव्ह’ कॅलरी बघा. आणि तेवढ्या जळाल्या म्हणून तेवढंच जास्तीचं खायचा हिशेब तर मुळीच नको. हा आकडा आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडून बघायला ठीक. मित्राच्या घड्याळाशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.