पोटात गॅस धरतो? आधी या चुका टाळा

ढेकरा, छातीतली जळजळ आणि ओटीपोटात गुडगुडणारा वारा या तीन वेगळ्या तक्रारी. आपण मात्र तिन्हींवर एकच इलाज करतो: सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची गोळी. पँटोप्राझोलसारखी गोळी जठरातलं आम्ल कमी करते, त्यामुळे जळजळ थांबते. आतड्यातल्या वाऱ्याला तिचा उपयोग नाही. ढेकर म्हणजे बहुतेकदा घाईघाईत जेवताना, च्युइंगगम चघळताना किंवा सोडा पिताना पोटात गेलेली हवा. खालचा वारा मुख्यतः मोठ्या आतड्यातले जिवाणू तयार करतात. म्हणून आधी त्रास कुठे आहे ते बघा, औषध नंतर.

फसफसणारं चूर्ण. ते प्यायल्यावर मोठी ढेकर येते आणि ‘गॅस निघाला’ असं वाटतं. त्यातला बराचसा गॅस त्या पेल्यातूनच आलेला असतो! शिवाय त्यात सोडियम भरपूर, म्हणजे रक्तदाब असणाऱ्यांनी तर ही रोजची सवय लावूच नये.

कडधान्य भिजवलेलं पाणी कुकरमध्येच ओतणं. सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच असावी. राजमा, छोले, वाटाणे, वाल यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात. म्हणूनच छोले-राजमा 8 ते 12 तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात मऊ शिजवा. ‘सत्त्व जातं’ म्हणून ते पाणी जपणाऱ्यांना सांगायचं, तर थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचाच. मोड आणल्यावर या शर्करा आणखी कमी होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करायची आपली पद्धत वेळखाऊ असली तरी पोटाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. हिंग-ओवा जरूर घाला, चव येते आणि अनेकांना बरंही वाटतं. मात्र न भिजवता शिजवलेल्या छोल्यांना फोडणीतली चिमूटभर हिंग सावरू शकत नाही.

एकदम ‘हेल्दी’ होणं. सोमवारपासून वाटीभर कच्ची मोडाची मटकी, ताटभर सॅलड आणि रात्री इसबगोल! बुधवारी पोट तट्ट फुगतं आणि गुरुवारी सगळंच बंद. तंतुमय पदार्थ दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा. मोड वाफवून खाल्ले तर अधिक सोसतात.

दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे फक्त दूध थांबवून बघा. दही-ताक अनेकांना चालतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर काही प्रमाणात आधीच फोडतात. दूध, गहू, कांदा, डाळी असं सगळं एकाच वेळी सोडलं तर दोषी कोण ते कळतच नाही. आणि दिवसातून वीसेक वेळा वारा सरणं अगदी सामान्य आहे.

जेवून लगेच आडवं होण्याऐवजी शतपावली करा.

छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणणं. ही चूक जिवावर बेतते. छातीत दाब, घाम, दम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यांत ओवा चावत बसू नका. 108 ला फोन करा. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये लक्षणं याहून पुसटही असू शकतात. वजन विनाकारण घटणं, शौचातून रक्त, सतत उलट्या किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

औषधांच्या यादीकडे न बघणं. मधुमेहासाठी दिलं जाणारं व्होग्लिबोज किंवा अकार्बोज पिष्टमय पदार्थांचं पचन लांबवतं. न पचलेला भाग पुढे जातो आणि वारा वाढतो. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट बिघडतं. पण गोळी परस्पर बंद करू नका. डोस किंवा औषध बदलता येतं का, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.