ब्रँडचं नाव लायसन्सवर द्यायच्या आधी एवढं तयार ठेवा

लालबागच्या आमच्या मसाल्याच्या दुकानाचं नाव वापरायला द्याल का असं नाशिकच्या एका व्यापाऱ्याने विचारलं तेव्हा आम्ही आधी नुसते खूश झालो, कागद बघायचं नंतर सुचलं, म्हणून तुमच्याकडे असं विचारणं आलं असेल तर हे वाचून घ्या. लायसन्स म्हणजे नाव विकणं नाही हो. मुंबईत फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर देतो ना तसंच, मालकी आपली, वापर त्यांचा, मुदत संपली की चावी परत. नवा गाळा, नवं कांडप मशीन, चार माणसांचे पगार, काहीच अंगावर न घेता आपला मसाला दुसऱ्या गावात पोचतो आणि वर रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचा मोबदला, येते.

आधी ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट काढून बघा. ट्रेडमार्क 10 वर्षांचा असतो, मग रिन्यू करायचा. आमचा वडिलांच्या नावावर होता आणि धंदा आता भावाच्या नि माझ्या पार्टनरशिपमध्ये, म्हणजे पहिलं काम ट्रान्सफरचं. ट्रेडमार्क वस्तू-सेवांच्या ठरलेल्या वर्गात, म्हणजे क्लासमध्ये, मिळतो; मसाला क्लास 30 मध्ये येतो, पण समोरच्याला त्याच नावाने हॉटेल काढायचं असेल तर क्लास 43 पण लागतो. रजिस्ट्रेशन झालेलं नसेल तर पाकिटावर गोलातला आर छापू नका, तो गुन्हा आहे, तोवर टीएम लिहा.

मग लोगो, आणि इथे खरंच नीट बघा. आमच्या पाकिटावर नऊवारीतली बाई उखळात मिरच्या कांडतेय, ते चित्र काढून घेतलं तेव्हा डिझायनरला पैसे दिले, पावतीही आहे, पण कॉपीराइट लेखी करून घेतला नव्हता, आणि नुसते पैसे दिले म्हणून तो आपला होत नाही. वकिलांनी सांगितल्यावर त्याला शोधून सही घेतली. त्या कागदावर मुदत आणि प्रदेश स्पष्ट हवेत, मुदत नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत.

रेसिपी मात्र देऊ नका. आपल्याकडे ट्रेड सिक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपितांचा, वेगळा कायदा नाही, त्यामुळे आधी एनडीए, म्हणजे गुपित बाहेर न सांगण्याचा लेखी करार, मग बोलणी. आम्ही दगडफूल, नागकेशर, जायपत्रीचं भाजलेलं मिश्रण इथूनच पाठवतो, मिरची-धणे ते तिकडे घेतात, प्रमाण घरातच राहतं.

करारात एकट्यालाच देताय की आणखी कोणाला देऊ शकता, कोणते जिल्हे, ऑनलाइन विक्री कोणाची, रॉयल्टी बिलाच्या रकमेवर की डिस्काउंट वजा जाता, विक्री कमी झाली तरी किमान किती, वह्या बघायचा हक्क, मुदत संपल्यावर उरलेल्या पाकिटांचं काय, हे सगळं लिहून घ्या. रॉयल्टीवर 18% जीएसटी आहे, टीडीएस कापून हातात किती उरतात ते सीएला विचारा. ट्रेडमार्क ऑफिसात टीएम-यू फॉर्म भरून लायसन्स घेणाऱ्याची रजिस्टर्ड यूजर म्हणून नोंदही करता येते.

क्वालिटीवर मात्र अडून बसा, कारण माल खराब निघाला तर शिव्या आपल्या नावाला. आमच्याकडे दर बॅचची पुडी येते, आई आधी वास घेते, मग चिमूटभर गरम तव्यावर टाकून बघते. करारात "मालकाने नेमलेल्या व्यक्तीची मंजुरी मिळेपर्यंत माल बाजारात जाणार नाही" असं लिहिलंय, ती व्यक्ती म्हणजे आई.