इंग्लंडच्या शाळेत प्लेसमेंटला जाताय? आधी नावांचा घोळ निस्तरा

पीजीसीईला, म्हणजे इंग्लंडमधल्या पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सला प्रवेश मिळाला म्हटलं की नागपुरात लोक दोनच गोष्टी विचारतात: आयईएलटीएसला किती बँड आले आणि खर्च किती येतो. त्याची उत्तरं कुठेही मिळतील. मला अडकवलं ते माझ्याच नावानं, म्हणून त्यावरच जरा जास्त लिहिते.

त्याआधी एक. तुम्ही गणित किंवा विज्ञानाचे बी.एड. असाल आणि वर्षभर तरी शाळेत शिकवलं असेल, तर पीजीसीईची फी भरायच्या आधी थांबा. 2023 पासून भारतातले असे शिक्षक थेट क्यूटीएस, म्हणजे तिथल्या शिक्षकपात्रतेसाठी अर्ज करू शकतात. अर्जाला फी नाही. अटी नीट वाचा आणि मग ठरवा. कन्सल्टन्सीवाले हे आपणहून सांगत नाहीत. का सांगतील?

आता नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव चिकटलेलं. लग्न झालं की आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं, पॅन माहेरचंच राहतं, बँक मात्र केवायसीच्या वेळी आधार बघून खात्यावर नवं नाव टाकून मोकळी होते. आपल्याकडे कुणाचं काही अडत नाही. खिडकीतल्या माणसालाही कळतं की बाई एकच आहे. तिकडच्या फॉर्मला ते कळत नाही.

तिथे मुलांच्या शाळेत प्लेसमेंटला, म्हणजे कोर्समधल्या शिकवण्याच्या सरावाला जाण्याआधी एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी रेकॉर्डची सखोल तपासणी होते. त्या फॉर्मवर आजवर वापरलेलं प्रत्येक नाव लिहायचं असतं, कधीपासून कधीपर्यंत तेही. शिवाय मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते, महिन्यासकट, मध्ये एकही महिना न सोडता. नागपुरातल्या बर्डीवरच्या ज्या कन्सल्टन्सीनं माझे कागद केले तिथल्या दादांचं म्हणणं, ‘पासपोर्टवरचं नाव टाका मॅडम, बाकीचं कशाला, उगाच प्रश्न वाढतात.’ प्रश्न वाढलेच, फक्त तिकडे पोहोचल्यावर. माझ्या बँक स्टेटमेंटवर सासरचं नाव, डीबीएसच्या फॉर्मवर त्याचा पत्ताच नाही. फॉर्म पुन्हा भरायला लागला. बरोबरचे सगळे शाळेत रुजू झाले आणि मी लायब्ररीत बसून मॅरेज सर्टिफिकेट स्कॅन करत होते. कोर्समध्ये शाळेतले किमान 120 दिवस भरायचे असतात, तेही किमान दोन शाळांत मिळून. सुरुवातीला गेलेले दिवस मागाहून भरून काढताना जीव जातो.

म्हणून आजच एक कागद घ्या आणि टीसीपासून आधारपर्यंत तुमचं नाव कुठे कसं छापलंय ते अक्षरन् अक्षर उतरवा. लग्न झालेल्या मुलींनी महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवावं, सासूबाईंच्या कपाटातली लग्नपत्रिका चालत नाही. आणि अधेमध्ये पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. विद्यापीठाचं कॅस (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र) आणि इथली पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), दोन्ही त्या पासपोर्ट नंबरला बांधलेली असतात.

पीसीसी म्हणजे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारी, फी 500 रुपये. नोकरीसाठी पोलिसांकडून काढतात ते चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं. डीबीएसला भारतातलं रेकॉर्ड दिसत नाही, म्हणून विद्यापीठं ही मागतात. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर चौकशीला आलेल्या हवालदाराला तो ‘अशी कुणी राहत नाही’ म्हणून मोकळा होतो. पत्ताही सगळीकडे एकसारखा लिहा. एका कागदावर प्लॉट नंबर आणि लेआउट, दुसऱ्यावर ‘किराणा दुकानाच्या मागे’, असं नको.

हे वाचून घाबरू नका. या सगळ्यात अवघड असं काही नाही, वेळखाऊ आहे. पैशांचंही तसंच: व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग 28 दिवस हवी, एक दिवसही कमी पडता कामा नये, आणि खातं तुमचं किंवा आईवडिलांचं. काका-मामांचं चालत नाही.

शाळेत गेल्यावर सवय मोडावी लागते ती मोबाइलची. इथे आपण वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतो, मुलांसोबत सेल्फी घेतो. तिथे मुलांना स्वतःचा नंबर देणंसुद्धा महागात पडेल. माझ्या दुसऱ्या शाळेत एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. बॅगेची चेन उघडबंद करत म्हणाली, ‘मिस, सांगते, पण कुणाला सांगू नका.’ आपल्या तोंडून सहज ‘नाही सांगणार गं’ निघून जातं. ते म्हणायचं नाही. ‘तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला सांगावं लागेल,’ हे तिला आधी सांगायचं, मग ऐकायचं, तिच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच दिवशी सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या शिक्षकाकडे जायचं. हे वाक्य इथूनच पाठ करून जा, ऐनवेळी इंग्रजी सुचत नाही.

मेंटरबद्दल, म्हणजे शाळेत आपल्याला शिकवायला शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल माझं मत जरा कडू आहे. पहिल्याच आठवड्यात गोड बोलणाऱ्या मेंटरपेक्षा ‘तू बोलत होतीस तेव्हा मागच्या बाकावरची मुलं काय करत होती?’ असं विचारणारा परवडला. मला दोन्ही मिळाले. शिकले ते दुसऱ्याकडून.

खोली मात्र घाईनं घेऊ नका. शाळा कुठली ते बरेचदा उशिरा कळतं, आणि ती विद्यापीठापासून बसनं तास-दीड तास लांबही निघू शकते. सकाळी आठच्या आत पोहोचायचं असतं आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. वर्षभराचा करार करण्यापेक्षा सुरुवातीचे काही आठवडे तात्पुरती सोय बघा, शाळेचं पत्र हातात आलं की सकाळी सातच्या बसचं वेळापत्रक पाहून मगच सही करा.